तारा कुठल्या काढायच्या

पुलांचे आणि उंच इमारतींचे हिशेब करणाऱ्या माणसांना जे लॅपटॉप लागतात, त्यांना आमच्या क्षेत्रात मोबाइल वर्कस्टेशन म्हणतात. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, शिवाय चार्जर वेगळा. आत झिऑन किंवा त्या तोडीचा प्रोसेसर, भरपूर रॅम, थ्रीडी मॉडेल फिरवायला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. अशी मशीन टेबलावर मांडून देणं, त्यांना मॉनिटर, कीबोर्ड, माउस, नेटवर्क जोडून देणं आणि पुढे ती नीट चालतात का यावर लक्ष ठेवणं, हे माझं काम. आधी ऑनसाइट म्हणून न्यू जर्सीत एका अभियांत्रिकी क्लायंटकडे केलं, 2018 पासून पुण्यात एका स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत करते आहे. खोक्यातून लॅपटॉप काढून चालू करून दिला की झालं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचे पुढचे कित्येक महिने सुखाचे जाणार की कटकटीचे, हे त्या एका दुपारी ठरतं. म्हणून हे काम मला मनापासून आवडतं.

मी या कामात पडले तेव्हा सगळीकडे बिनतारी टेबलाचं वारं होतं. 2014 साली तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने एकही तार नसलेल्या पीसीची कल्पना मांडली होती. मॉनिटर बिनतारी, डेटा बिनतारी, चार्जिंगसुद्धा टेबलाच्या पृष्ठभागातून. 2016 मध्ये मी न्यू जर्सीला पोचले, तेव्हा त्यातला निम्मा भाग खरंच हातात आला होता. क्लायंटच्या ऑफिसात कुणालाच ठरलेली जागा नव्हती. सकाळी यायचं, रिकामं टेबल बघायचं, तिथे बसायचं. अशा ठिकाणी डॉक, म्हणजे लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क एकदम जोडून देणारी पेटी, ही गरज होती. जुने डॉक लॅपटॉपच्या बुडाला खटकन बसायचे, पण एका मॉडेलचा डॉक दुसऱ्याला चालायचा नाही. केबलवाले डॉक आले तर त्यांची तोंडं रोजच्या काढ-घालीने सैल व्हायची. बिनतारी डॉकमध्ये या दोन्ही अडचणी नव्हत्या. पहिल्यांदा ओळख करून दिली, की नंतर लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकण उघडायचं. समोरचे दोन्ही मॉनिटर आपोआप उजळायचे, कीबोर्ड-माउस चालू व्हायचे, नेटवर्क लागायचं. सकाळी नऊला ओळीने बसलेल्या माणसांसमोरचे पडदे एकेक करून जागे होताना मी बघितले आहेत. ते दृश्य मला आजही सुंदर वाटतं.

त्यामागचं तंत्र समजून घ्यायला मला वेळ लागला, पण त्यात इतकी गोडी होती की मी रात्री वाचत बसायचे. घरातलं वायफाय सहसा 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झवर चालतं. हे डॉक वायगिगवर, म्हणजे 60 गिगाहर्ट्झवर चालायचे. त्याचं मानक, 802.11एडी, 2012 मध्ये मंजूर झालं. इतक्या वरच्या कंप्रतेची लहर जेमतेम पाच मिलिमीटर लांबीची असते. या पट्ट्यात रुंद जागा मोकळी असल्यामुळे माहिती भरपूर वाहून नेता येते, पण ती लहर भिंत ओलांडत नाही आणि हवेतला ऑक्सिजनही तिला शोषून घेतो. एका खोलीपुरतं बघितलं तर ऑक्सिजनचा काही त्रास नाही, आणि भिंत न ओलांडणं हा तर फायदाच. शेजारच्या मीटिंग रूममधला डॉक आपल्या डॉकच्या आड येत नाही, आणि पडद्यावरचं चित्र हवेतून जात असलं तरी ते खोलीबाहेर सहसा जात नाही. क्लायंटच्या सुरक्षा विभागाला हे पटवून देताना मला हाच मुद्दा सर्वांत उपयोगी पडला.

वाचता वाचता जगदीशचंद्र बोस भेटले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात 1890च्या दशकात त्यांनी ज्या लहरींवर प्रयोग केले, त्यांची लांबी पाच मिलिमीटरपासून सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंत होती. म्हणजे 60 गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांनी तेव्हाच हाताळला होता. लहरी गोळा करायला त्यांनी नरसाळ्यासारखा शृंगाकार अँटेना केला, ग्रहणासाठी गॅलेना हे खनिज वापरलं, लहरींचं ध्रुवीकरण दाखवायला पीळ दिलेल्या तागाचा उपयोग केला. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे काम मांडलं. गॅलेनाच्या ग्राहकाचं अमेरिकन पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळालं. न्यू जर्सीतल्या त्या टेबलांवर जी लहर काम करत होती, ती कोलकात्यातल्या एका प्राध्यापकाने साध्या साधनांनी तयार करून, मोजून, वाकवून दाखवली होती, हे वाचलं तेव्हा मला फार अभिमान वाटला. तिथल्या सहकाऱ्यांना मी ते आवर्जून सांगितलं. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी बोस यांच्यावरचा लेख वाचून येऊन मलाच चार प्रश्न विचारले.

आता अडचणींकडे येते. एका फुल एचडी मॉनिटरचं चित्र न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता पाठवायचं, तर 1920 गुणिले 1080 ठिपके, प्रत्येकाला 24 बिट, सेकंदाला 60 वेळा. म्हणजे सेकंदाला जवळपास तीन अब्ज बिट, आपण ज्याला 3 जीबीपीएस म्हणतो. दोन मॉनिटरचे सहा. त्या डॉकमधल्या चिपची कागदावरची मर्यादा होती 4.6 जीबीपीएस, आणि प्रत्यक्षात कागदावरचा वेग कधीच मिळत नाही. त्यामुळे चित्र दाबून पाठवावं लागायचं. ईमेल, वर्ड, एक्सेल वापरणाऱ्याला यातलं काही जाणवायचं नाही. पण ड्रॉइंग भराभर सरकवणाऱ्या, सळयांच्या बारीक रेषांमध्ये दिवसभर डोळे घालून बसणाऱ्या माणसाला जाणवायचं. एक ड्राफ्ट्समन बाई मला म्हणाल्या की कर्सर माझ्या हाताच्या किंचित मागून येतो. मोजायला गेलं तर तो उशीर नगण्य होता. पण वर्षानुवर्षं जो हात रेषा काढतो त्याला तो कळतो, आणि अशा वेळी मी मोजमापापेक्षा त्या हातावर विश्वास ठेवते.

दुसरी अडचण माणसांचीच. पाच मिलिमीटरची लहर माणसाच्या शरीराने अडते. लॅपटॉप आणि डॉक यांच्या मध्ये कुणी येऊन उभं राहिलं, की चित्र अडखळायचं. लॅपटॉपचं झाकण मिटून फक्त मोठे मॉनिटर वापरायचे म्हटलं, तर झाकणातल्या अँटेनाची दिशा बदलायची. शिवाय मोठ्या हॉलमध्ये टेबलाला टेबल लागून असताना मोजके चॅनेल सगळ्यांत वाटावे लागायचे. आणि वीज तर हवेतून येतच नव्हती. डॉकला स्वतःचा ॲडॅप्टर, लॅपटॉपला स्वतःचा चार्जर. चित्राची तार गेली, विजेच्या तारा दोन राहिल्या.

2017 मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठीची वायगिग उत्पादनं बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ते तंत्र व्हीआर हेडसेटकडे वळवलं. डोक्यावर चढवायच्या हेडसेटला तार खरोखरच नकोशी असते, म्हणून तिथे ते शोभलंही. टेबलावर मात्र तोवर वेगळीच सोय येऊन बसली होती. थंडरबोल्ट 3 ची एकच केबल 40 जीबीपीएस वाहून नेते, त्यातून मॉनिटर, नेटवर्क, हार्ड डिस्क सगळं जातं आणि वर 100 वॉटपर्यंत वीजही मिळते. सकाळी एक केबल लावायची, संध्याकाळी एक काढायची.

मी पुण्यात परतले तेव्हा हेच नवे डॉक आमच्याकडे आले होते. बिनतारी डॉकचा विषय तसाही निघाला नसता. 60 गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला करावा की नाही, यावर आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्राय, मोबाइल कंपन्या आणि इंटरनेट कंपन्या यांच्यात तेव्हा बरीच वर्षं चर्चाच चालली होती. पण माझ्या मनात न्यू जर्सीचा धडा पक्का होता. यंत्राकडे बघून तारा काढायच्या नाहीत, माणसाच्या कामाकडे बघून काढायच्या. क्षणभर तुटली तर ज्याचं काही बिघडत नाही ती जोडणी बिनतारी करावी. माउस, कीबोर्ड, हेडसेट बेलाशक बिनतारी असोत. वीज, चित्र आणि नेटवर्क मात्र तारेनेच यावं.

यातली वीज ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. आमच्या एका ज्येष्ठ अभियंत्यांना नवं मशीन दिलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला.

“मॅडम, मशीन नवं आणि रन जुन्यापेक्षा हळू, हे कसं काय?”

मी विचारलं, “सर, लॅपटॉपचा चार्जर लावलाय ना?”

“चार्जर बॅगेत आहे. डॉकवर चार्ज होतंय की!”

डॉकवर ते चार्ज होत होतं खरं, पण त्या मशीनबरोबर आलेला चार्जर 180 वॉटचा होता आणि डॉक जास्तीत जास्त 100 वॉट देत होता. पत्र लिहिताना, ड्रॉइंग बघताना एवढी वीज पुरून उरते. पण पंचवीस मजल्यांचं मॉडेल ईटॅब्स या इमारतींच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रनला टाकलं, की प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम पूर्ण ताकद मागतात. वीज कमी आहे हे मशीनला कळतं आणि ते आपला वेग स्वतःच उतरवतं. काही मॉडेलमध्ये तर चार्जिंगची खूण दिसत असतानाही बॅटरी उतरत जाते. चालू करताना पडद्यावर एक सूचना येते की ॲडॅप्टर अपुरा आहे. घाईत माणूस एंटर दाबून पुढे जातो. मी सरांच्या टेबलाखाली मूळ चार्जर कायमचा लावून दिला आणि बॅगेत ठेवायला दुसरा मागवला. तेव्हापासून सरांचे रन पूर्वीपेक्षा लवकर संपू लागले. इतक्या मोठ्या किमतीचं यंत्र निम्म्या ताकदीने चालताना बघून मला फार वाईट वाटतं. आणि असं चालणारं यंत्र जवळपास प्रत्येक ऑफिसात एखादं तरी सापडतं.

आता यावरही उपाय आले आहेत. काही डॉकला दोन टायप-सी तोंडं एकत्र जोडलेली केबल असते आणि त्यातून दोनशे वॉटच्या पुढे वीज मिळते. 2021 मध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या नव्या मानकाने टायप-सीवरून 240 वॉटची वाट मोकळी केली. पण टायप-सी दिसलं म्हणजे ते सगळं करेल, असं नाही. सारख्याच दिसणाऱ्या दोन केबलींपैकी एक फक्त फोन चार्ज करते आणि दुसरी दोन फोर-के मॉनिटर चालवते. थंडरबोल्टच्या केबलवर विजेच्या बाणाची खूण असते. आणि थंडरबोल्ट 3 मध्ये आत इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या साध्या केबलला पूर्ण वेग साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच मिळतो. त्याहून लांब हवी तर महागडी ॲक्टिव्ह केबल घ्यावी लागते. या अर्ध्या मीटरमुळे टेबलाची सगळी मांडणी ठरते. आमच्याकडे एक डावखुरी मुलगी आहे, डिझाइनमध्ये. लॅपटॉपचं पोर्ट डावीकडे, म्हणून डॉकही डावीकडे आला आणि तिच्या माउसच्या हाताला रोज केबल अडायला लागली. ती काही बोलली नव्हती. मीच तिला कोपर आखडून काम करताना बघितलं. डॉक मॉनिटरच्या मागे चिकटवला, लॅपटॉप स्टँडवर उंच ठेवला आणि केबल मागून फिरवून आणली. मान दुखणाऱ्यांसाठीही हाच उपाय करते, कारण लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या रेषेत आला की माणूस वाकायचा थांबतो.

बिनतारी माउसचा एक दोष मात्र इतका हटकून भेटतो की तो सांगायलाच हवा. माउस मध्येच अडकतो, उडी मारतो, बॅटरी बदलली तरी तसाच. अशी तक्रार आली की मी आधी बघते, त्याचा छोटा रिसीव्हर कुठे लावलाय. बहुतेक वेळा तो यूएसबी 3 च्या पोर्टात, चालू असलेल्या हार्ड डिस्कच्या शेजारी असतो. यूएसबी 3 वरची माहिती ज्या वेगाने धावते त्यातून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट उठतो, आणि माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलत असतो. खुद्द इंटेलने 2012 मध्ये यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. उपाय साधा आहे. रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन केबलला लावून हार्ड डिस्कपासून हातभर लांब, माउसच्या समोर आणायचा. मी अशा केबली बॅगेत बाळगतेच.

सुरक्षिततेचीही एक बाजू आहे. 2016 मध्ये बास्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अनेक बिनतारी माउस आणि कीबोर्डच्या रिसीव्हरला लांबून खोट्या कळा पाठवता येतात. त्यावर फर्मवेअरच्या दुरुस्त्या निघाल्या, पण त्या आपण होऊन कराव्या लागतात. म्हणून जुना रिसीव्हर आला की मी आधी तो अपडेट करते. न होणारा असेल तर बाजूला काढते.

पुण्यात आल्यावर मला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली, ती वीज जाण्याची. न्यू जर्सीत मला तो प्रश्न कधी पडला नव्हता. इथे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, वळवाच्या पावसात न सांगता जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून सगळे निश्चिंत असतात. पण डॉकला बॅटरी नसते. वीज गेली की डॉक बंद, त्याबरोबर मॉनिटर बंद, आणि डॉकमधून आलेलं नेटवर्कही तुटतं. आमच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं लायसन्स सर्व्हरवरून येतं. नेटवर्क तुटलं की लायसन्स सुटतं, आणि तासभर चाललेला रन मधेच थांबतो. लॅपटॉप मात्र सुरूच असतो, त्यामुळे दोष कुणाचा हे कुणाच्या लक्षात येत नाही. आता आमच्याकडे प्रत्येक डॉक, नेटवर्कचा स्विच आणि सर्व्हर यूपीएसवर आहे. नवं टेबल मांडताना विजेची ही सोय मी आधी बघून घेते.

मार्च 2020 मध्ये ही सगळी मशीन घरोघरी गेली आणि माझं काम फोनवर आलं. कुणी साताऱ्याला, कुणी सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात, कुणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर. साताऱ्याहून एका मुलाने विचारलं, “ताई, लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात, शॉक आहे का?” धातूची बॉडी असलेल्या मशीनला अर्थिंग मिळालं नाही की असं होतं. चार्जरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह बॉडीवर येतो, आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. त्याच्या घरचं सॉकेट तीन पिनांचं होतं, पण वरच्या पिनेमागे तारच नव्हती. लॉकडाउनमध्ये इलेक्ट्रिशियन मिळेना. शेवटी शेजारच्या दादांनी येऊन अर्थिंगची तार ओढून दिली आणि झिणझिण्या थांबल्या. त्यानंतर कुणालाही मशीन घरी देताना मी पहिला प्रश्न अर्थिंगचा विचारते, दुसरा टेबलाच्या उंचीचा, आणि मग वायफायचा.

बिनतारी डॉकचं स्वप्न पूर्ण झालं नाही याचं मला थोडं वाईट वाटतं, कारण मी ते चालताना डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आज कुणी मला ती टेबलं पुन्हा मांडायला सांगितली तरी चित्र आणि वीज तारेनेच देईन, यात मला शंका नाही.

तुमच्या घरी किंवा ऑफिसात असं मोठं मशीन येणार असेल, तर दोन गोष्टी जरूर करा. लॅपटॉपबरोबर आलेल्या चार्जरवर किती वॉट लिहिलेत ते वाचा आणि डॉक तेवढे देतो का हे दुकानदाराकडून लिहून घ्या. आणि ज्या सॉकेटला तो चार्जर लागणार आहे, त्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. हे काम तो पंधरा मिनिटांत करून देतो.